पाणी मागू नकोस!

परवा संध्याकाळी आमची नात बोईसरहून कामावरून आली ती थेट वजनकाट्यावर उभी राहिली. आकडा वहीत लिहिला, बूट चढवले आणि माहीमच्या रस्त्याला पळायला गेली. तासाभराने परतली, अंग कोरडं पुसलं आणि पुन्हा काट्यावर! वजन एक किलोने कमी, मधल्या वेळात प्यायलेलं पाणी तीनशे मिली. "म्हणजे आजोबा, तासाला एक लिटर तीनशे मिली घाम," असं म्हणून तिने तेही लिहून ठेवलं. एमआयडीसीतल्या प्रयोगशाळेत काम करणारी मुलगी, मोजल्याशिवाय तिला चैन पडत नाही.

पुण्याच्या मंडळींना फोनवर सांगितलंच आहे, बाकीच्यांसाठी सांगतो. तिने गोव्याच्या अर्ध्या आयर्नमॅनला नाव दिलं आहे. आधी १.९ किलोमीटर समुद्रात पोहायचं, लगेच ९० किलोमीटर सायकल आणि मग २१.१ किलोमीटर धावायचं. सगळं मिळून साडेआठ तासांत. पणजीच्या मिरामारला ही स्पर्धा पहिल्यांदा २० ऑक्टोबर २०१९ ला झाली. सैन्यातल्या बिश्वोरजित सिंगने ती पावणेपाच तासांच्या आत संपवली होती. पुढे कोरोनामुळे खंड पडला आणि २०२२ पासून पुन्हा सुरू झाली. ऑक्टोबरचा उकाडा आपल्या किनाऱ्यावर कसा असतो ते मी सांगायला नको. ऊन सोसवतं, पण हवेतल्या दमटपणामुळे घाम वाळत नाही. आणि घाम वाळला तरच अंग थंड होतं, नुसता टपटप गळून काही उपयोग नाही.

तिची ती वही पाहिली आणि मला १९७८ सालची एक दुपार आठवली.

तेव्हा मी नोकरीत नवा होतो. शाळेच्या क्रॉसकंट्रीला पीटीच्या सरांनी मला वाटेवर उभं केलं होतं. ऑक्टोबरच होता. पाड्यावरून येणारा आठवीतला एक मुलगा माझ्यापाशी थांबून म्हणाला, "सर, पाणी." माझ्या शेजारी भरलेला माठ होता. मी म्हटलं, "पाणी मागू नकोस! पोटात दुखेल, पळ." दुसऱ्या फेरीला त्याने पुन्हा मागितलं, मी पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्या फेरीत तो आलाच नाही. वडाच्या अलीकडे पडलेला सापडला, अंग तापलेलं, काहीतरी असंबद्ध बोलत होता. त्याच माठातलं पाणी अंगावर ओतून आम्ही त्याला टेम्पोतून डॉक्टरकडे नेलं. वाचला. चार दिवसांनी वर्गात आला आणि मला म्हणाला, "सर, चुकलो, पडलो मी." मी काय बोललो ते आठवत नाही. बहुतेक काहीच नाही.

हे मी कोणाकडून शिकलो होतो? सगळ्यांकडूनच. पळताना पाणी प्यायचं नाही हे तेव्हा शास्त्र होतं, आणि ते काही आपल्याच गावचं नव्हतं. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकची मॅरेथॉन बघा. ३० ऑगस्टची दुपार, पारा ३२ अंशांच्या आसपास, धुळीचे रस्ते. संयोजक जेम्स सलिव्हन यांना शरीर पाण्यावाचून किती तग धरतं हे बघायचं होतं, म्हणून वाटेत एक-दोन ठिकाणीच पाण्याची सोय. ३२ जण निघाले, १४ पोचले. पहिला आलेला थॉमस हिक्स पाणी मागत होता, तर सोबतच्यांनी ते दिलं नाही. ओल्या स्पंजने त्याचं तोंड तेवढं पुसलं आणि पोटात काय दिलं, तर स्ट्रिक्निन, अंड्याचा पांढरा बलक आणि ब्रँडी! स्ट्रिक्निन म्हणजे चक्क विष हो.

नातीने विचारलं, "आपल्यातलं कोणी तेव्हा एवढं पळायचं का?" पळायचं तर! १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची पोरं दोराबजी टाटांनी पाहिली, आणि पुढच्या वर्षी अँटवर्पच्या ऑलिंपिकला सहा जण गेले. त्यांतले बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये २ तास ५० मिनिटांत एकोणिसावे आले. आयुष्य आपल्या हवेत गेलेलं, आणि तिथे धावायचं गारठ्यात आणि पावसात. चौगुल्यांचं नाव आपल्या किती पाठ्यपुस्तकांत होतं? मी तरी कधी शिकवलं नाही.

असो. मी माठ राखत उभा होतो त्याच वर्षी, १८ फेब्रुवारी १९७८ ला, हवाई बेटांवर पहिली आयर्नमॅन झाली होती. नौदलातल्या जॉन कॉलिन्स यांनी तिथल्या तीन शर्यती एकाला एक जोडल्या. १५ जण निघाले, १२ जणांनी पुरी केली, गॉर्डन हॅलर जिंकला. दुसऱ्या आलेल्या जॉन डनबारच्या सोबत्यांकडचं पाणी संपलं, तेव्हा त्यांनी त्याला बिअर पाजली. (आमच्या धाकट्या जावईबापूंनी एवढंच वाक्य लक्षात ठेवू नये.)

पुढे लंबक पार दुसऱ्या टोकाला गेला. तहान लागायच्या आधी प्या, पोटात मावेल तेवढं प्या! त्यातही माणसं दगावली. १९८५ साली दक्षिण आफ्रिकेतले डॉक्टर टिम नोक्स यांनी दाखवून दिलं की लांब शर्यतींत जास्त पाणी पिऊनही माणूस कोसळतो. रक्तातलं मीठ पातळ होतं आणि मेंदूला सूज येते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये एक तरुण धावपटू अशीच गेली. त्याच शर्यतीतल्या ४८८ जणांचं रक्त तपासलं तर १३ टक्क्यांचं मीठ उतरलेलं निघालं. धोका कोणाला जास्त? सावकाश धावणाऱ्यांना, कारण त्यांना प्यायला वेळ मिळतो. पहिल्यांदा उतरणारी आमची नात त्यांच्यातच यायची. वजनकाटा त्यासाठी आहे. धावून आल्यावर वजन वाढलं असेल तर पाणी जास्त झालं, फार उतरलं असेल तर कमी पडलं.

उकाड्याची सवय लावता येते हेही खाणीतल्या मजुरांच्या जिवावर कळलेलं शास्त्र. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खोल खाणींत माणसं उष्माघाताने मरायला लागली, तेव्हा १९३० च्या दशकात नव्या मजुरांकडून तापलेल्या दमट जागेत रोज थोडं थोडं काम करवून घ्यायला सुरुवात झाली. दहा ते चौदा दिवसांत शरीर शिकतं. घाम लवकर सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं, छातीची धडधड उतरते. म्हणून ही पोरगी सुट्टीच्या दिवशी मुद्दाम अकरा वाजता सायकल काढते आणि बोईसर, चिंचणी, वरोर करत डहाणूकडे जाते. लोक मला विचारतात, "सर, डोकं ठिकाणावर आहे ना तिचं?"

बाटलीत काय नेते म्हणाल तर एका बाटलीत दुकानातली पावडर आणि दुसरीत तिच्या आजीने केलेली तांदळाची पातळ पेज, मीठ घातलेली. पेजेचं तिने मोजमाप केलं आहे, आजीला ते पसंत नाही.

मी तिला म्हटलं, गोव्याला मीही येतो. धावण्याच्या वाटेवर पाण्याची बाटली घेऊन उभा राहतो. ती हसली. "आजोबा, नियमात बसत नाही ते. पाणी त्यांच्या टेबलांवरचंच घ्यायचं, घरच्यांकडून घेतलं तर बाद करतील."

मग नुसता उभा राहीन म्हटलं. तर म्हणाली, "टोपी घालून उभे राहा, आणि तुमचं पाणी तुम्ही प्या."