लुईव्हिल : कायदा रद्द झाला, सीमा राहिली

१९१७ साली बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले आणि त्यांना राहायला जागा मिळेना. काठ्या घेतलेल्या पारशांनी त्यांना सराईतून बाहेर काढले, तो प्रसंग आपल्याला पाठ आहे. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला, बाबासाहेब ज्या देशात शिकले त्या अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने जागेच्याच प्रश्नावर एक निकाल दिला. तो खटला केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहराचा होता.

ओहायो नदीकाठचे हे शहर १७७८ साली वसले. नदीपलीकडचे इंडियाना गुलामगिरी नसलेले राज्य, तर अलीकडे गुलामांचा बाजार. इथून माणसे बोटीत भरून दक्षिणेच्या कापूसमळ्यांसाठी विकली जात. १८६५ मध्ये गुलामगिरी संपली, पण १९१४ मध्ये नगरपालिकेने नवी भिंत उभी केली. ज्या गल्लीत गोरे बहुसंख्य, तिथे कृष्णवर्णीयाने राहायला जायचे नाही, आणि उलटही. दोघांना सारखीच बंदी, म्हणून हा कायदा समतेचा, असा युक्तिवाद होता!

विल्यम वॉर्ली हे कृष्णवर्णीय संपादक आणि एनएएसीपी या संघटनेच्या स्थानिक शाखेचे अध्यक्ष. त्यांनी विचारपूर्वक खटला रचला. ब्युकॅनन या गोऱ्या दलालाकडून प्लॉट घ्यायचा करार केला, पण तिथे राहता येत असेल तरच पैसे देईन, अशी अट घातली. ब्युकॅनन कोर्टात गेला. शेवटी कोर्टाने एकमताने कायदा रद्द केला.

पण निकालाचा पाया नीट बघा. कृष्णवर्णीयाच्या प्रतिष्ठेपेक्षा कोर्टाला मालकाचा मालमत्ता विकण्याचा हक्क महत्त्वाचा वाटला. त्यामुळे भेदभाव नगरपालिकेच्या कायद्यातून निघून खासगी करारांत शिरला. 'कृष्णवर्णीयाला विकणार नाही' हे खरेदीखतातच लिहिले जाऊ लागले. अशा अटी कोर्टांनी अमलात आणू नयेत, हे ठरायला १९४८ उजाडले.

तरी पुढे काय झाले? १९५४ मध्ये कार्ल आणि अ‍ॅन ब्रेडन या गोऱ्या दांपत्याने शहरालगतच्या शाइव्हली उपनगरात अँड्र्यू वेड या कृष्णवर्णीय कुटुंबासाठी आपल्या नावावर घर घेऊन दिले. जूनमध्ये ते घर डायनामाइटने उडवले. स्फोट करणाऱ्यांना शिक्षा झाली नाही. कार्ल ब्रेडनला मात्र राजद्रोहाखाली १५ वर्षांची शिक्षा सुनावली गेली. ती १९५६ मध्ये रद्द झाली. घरखरेदी-भाड्यातल्या भेदभावाला बंदी घालणारा नगरपालिकेचा कायदा यायला १९६७ साल लागले, तोही रस्त्यावरच्या मोर्चांनंतर. आजही शहरात नाइन्थ स्ट्रीटच्या पश्चिमेला मुख्यतः कृष्णवर्णीय वस्ती आहे. मुहम्मद अली याच वेस्ट एंडचा.

म्हणूनच बाबासाहेबांच्या संविधानाचे मोल कळते. कलम १७ फक्त सरकारला बांधत नाही, ते घरमालकाला, शेजाऱ्याला, तुम्हा-आम्हा सर्वांना बांधते. तिथे मालमत्तेला नव्हे, माणसाला केंद्रस्थानी ठेवले आहे.

पण कलम आपोआप चालत नाही. आडनाव विचारून 'जागा भरली' म्हणणारा घरमालक आपण सगळ्यांनी पाहिला आहे. आपण निमूट दुसरे घर शोधतो. वॉर्लींनी तसे केले नाही. त्यांनी कागद केला, संघटना उभी केली, लढत निवडली. आपणही प्रत्येक नकाराची तारीख, साक्षीदार, संदेश जपून ठेवूया. पुरावा नसेल तर अन्याय फक्त आठवण होऊन राहतो.

जय भीम!