दुखापतींचे ग्रहण आणि राखीव फळीचा दुष्काळ : न्यूयॉर्क मेट्सचा २००९ चा हंगाम

१३ एप्रिल २००९ रोजी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील ‘सिटी फील्ड’ या नव्याकोऱ्या मैदानावर मेट्स संघ आपला पहिला अधिकृत सामना खेळला. पाहुण्या सॅन डिएगो पाड्रेसच्या पहिल्याच फलंदाजाने, जोडी गेरटने, होमरन ठोकला आणि यजमानांनी तो सामना ६-५ असा गमावला. एका पराभवाने कोणाचाही हंगाम बुडत नाही. परंतु ऑक्टोबर उजाडला तेव्हा मेट्सच्या खात्यावर ७० विजय आणि ९२ पराभव होते. नॅशनल लीगच्या पूर्व विभागात तो चौथ्या क्रमांकावर, अव्वल फिलाडेल्फिया फिलीजपेक्षा २३ सामन्यांनी मागे होता. सुमारे १५ कोटी डॉलर वेतनखर्चाचा, म्हणजे त्या वर्षी यांकीज वगळता सर्वांत महागडा, असा हा संघ होता.

या पडझडीचे कारण विचारले की उत्तर ठरलेले असते : दुखापती. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. दुखापतीतून कोणताही व्यावसायिक संघ सुटत नाही. तिची किंमत किती मोजावी लागेल, हे मात्र जायबंदी खेळाडूच्या मागे कोण उभा आहे यावर ठरते. मेट्सच्या मागे फारसे कोणी उभे नव्हते.

२५ खेळाडू, १६२ सामने

क्रिकेटच्या प्रेक्षकाला बेसबॉलचे वेळापत्रक अघोरी वाटेल. एप्रिल ते सप्टेंबर या सुमारे सहा महिन्यांत प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो आणि विश्रांतीचे दिवस मोजकेच असतात. सुरुवातीचे पिचर पाळीपाळीने, साधारणतः दर पाचव्या दिवशी उतरतात. इतरांना मात्र जवळजवळ रोज मैदानात यावे लागते.

२००९ मध्ये प्रत्यक्ष सामन्यासाठी उपलब्ध असा चमू २५ जणांचा असे (२०२० पासून तो २६ जणांचा झाला). त्यातील जवळपास निम्मे पिचर. आठ क्षेत्ररक्षकांच्या जागा भरल्या की बाकावर चार-पाच जणच उरत. या २५ जणांसह एकूण ४० खेळाडूंची विस्तारित यादी क्लबजवळ असते. त्यातील उरलेले ‘मायनर लीग’मध्ये, म्हणजे क्लबच्या दुय्यम संघांतून खेळत असतात. मेट्सचा पहिल्या पायरीचा दुय्यम संघ बफेलो येथे, तर त्याखालचा बिंगहॅम्टन येथे होता.

जायबंदी खेळाडूला ‘डिसएबल्ड लिस्ट’वर टाकता येई (२०१९ पासून हिला ‘इंज्युर्ड लिस्ट’ म्हणतात). तेथे गेलेला खेळाडू त्या वेळी किमान १५ दिवस खेळू शकत नसे, पण त्याची जागा दुसऱ्याला देता येई. प्रदीर्घ दुखापतीसाठी ६० दिवसांची वेगळी यादी होती. थोडक्यात, नियमाने बदली खेळाडूची सोय केली होती. तो बदली खेळाडू किती तयारीचा आहे, हे पाहणे क्लबचे काम होते.

एकामागून एक

पहिला मोठा धक्का कार्लोस डेल्गाडोचा. २००८ मध्ये ३८ होमरन मारणारा हा फर्स्ट बेसमन मे २००९ मध्ये नितंबाच्या सांध्याच्या दुखण्याने बाहेर पडला आणि त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. त्या हंगामात तो केवळ २६ सामने खेळला. त्याच महिन्यात शॉर्टस्टॉप होसे रेयेसची पोटरी दुखावली. पुनरागमनाची तयारी सुरू असतानाच मांडीमागचा स्नायूही दुखावला. त्याचा हंगाम ३६ सामन्यांत आटोपला.

जूनमध्ये सेंटर फिल्डर कार्लोस बेल्ट्रान गुडघ्याच्या दुखापतीने गेला आणि सप्टेंबरमध्येच परतला. खेळलेले सामने ८१. जे. जे. पुट्झच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. जॉन मेनचा खांदा आणि ऑलिव्हर पेरेझचा गुडघा यांनी पिचरांची पाळी विस्कटली. १५ ऑगस्ट रोजी सॅन फ्रान्सिस्को जायंट्सच्या मॅट केनचा वेगवान चेंडू डेव्हिड राइटच्या हेल्मेटवर आदळला आणि संघाचा तोवर टिकून राहिलेला प्रमुख फलंदाजही मेंदूला बसलेल्या धक्क्यामुळे बाहेर गेला. ऑगस्ट संपण्यापूर्वी प्रमुख पिचर योहान सांतानाचा हंगामही कोपराच्या शस्त्रक्रियेपायी संपला.

बदली म्हणून आलेलेही धडधाकट राहिले नाहीत. रेयेसच्या जागी उतरलेल्या अ‍ॅलेक्स कोराला अंगठ्यांच्या दुखापतींनी ग्रासले. वीस वर्षांचा होतकरू फर्नांडो मार्टिनेझ गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला सामोरा गेला. तरुण पिचर जॉन नीसचा मांडीमागचा स्नायू ऑगस्टमध्ये फर्स्ट बेसवर चेंडू घेताना फाटला.

परिणाम आकड्यांत स्पष्ट दिसतो. मेट्सने हंगामात एकूण ९५ होमरन मारले, मेजर लीगच्या ३० संघांत सर्वांत कमी. संघात सर्वाधिक होमरन डॅनियल मर्फीचे, तेही अवघे १२. हंगामाच्या आरंभी लेफ्ट फिल्डमध्ये खेळणाऱ्या मर्फीला डेल्गाडोच्या जागी फर्स्ट बेसवर उभे करण्यात आले होते.

‘आज ना उद्या’चे धोरण

दुखापतींपेक्षाही टीका झाली ती त्या हाताळण्याच्या पद्धतीवर. खेळाडू दुखावला की त्याला लगेच यादीवर न टाकता ‘रोज पाहून ठरवू’ असे म्हणायचे, ही मेट्सची सवयच बनली होती. खेळाडू चार दिवसांत बरा झाला तर १५ दिवसांचे नुकसान टळते, हा त्यामागील हिशेब. तो चुकला की खेळाडूही मिळत नाही आणि बदलीही मिळत नाही. आधीच चार-पाच जणांच्या बाकावरची एक जागा फुकट अडते.

१८ मे २००९ रोजी लॉस एंजलिस डॉजर्सविरुद्धचा सामना हे त्याचे बोलके उदाहरण. डेल्गाडो नव्हता, रेयेस खेळण्याच्या स्थितीत नव्हता. सामना अकराव्या डावात गेला तेव्हा फर्स्ट बेसवर मूळचा आउटफिल्डर असलेला जेरेमी रीड उभा होता. वरच्या डावात रायन चर्च धावताना थर्ड बेसला पाय लावायला चुकला आणि मिळालेली धाव रद्द झाली. खालच्या डावात रीडची होम प्लेटकडची फेक भरकटली आणि डॉजर्स ३-२ असे जिंकले. सवयीचा फर्स्ट बेसमन तेथे असता तर ती फेक कदाचित अचूक पडली असती. अपुऱ्या चमूचे दुखणे असे असते : ज्याला जे काम येत नाही तेच काम ऐन मोक्याच्या क्षणी त्याच्या वाट्याला येते.

एका बाबतीत मात्र क्लबने सावधगिरी बाळगली. २००८ मध्ये रायन चर्चच्या मेंदूला धक्का बसला असतानाही त्याला संघासोबत विमानप्रवास करू दिल्याबद्दल क्लबवर कोरडे ओढले गेले होते. राइटला १५ दिवसांच्या यादीवर टाकण्यात आले आणि १ सप्टेंबरला तो परतला तो अधिक संरक्षण देणारे मोठे हेल्मेट घालून.

राखीव फळी का आटली?

राखीव फळी एका हंगामात आटत नाही. सरव्यवस्थापक ओमर मिनाया यांनी गेल्या काही वर्षांत तारांकित खेळाडूंवर भर दिला होता. फेब्रुवारी २००८ मध्ये सांतानासाठी मिनेसोटा ट्विन्सला चार तरुण खेळाडू देण्यात आले. सांतानाच्या दर्जाचा विचार करता तो सौदा तर्कशुद्ध होता. डिसेंबर २००८ मधील तीन संघांच्या सौद्याचे तसे म्हणता येत नाही. पुट्झ, जेरेमी रीड आणि शॉन ग्रीन यांच्यासाठी मेट्सने तब्बल सात खेळाडू सोडले. त्यांत जेसन व्हर्गास, जो स्मिथ आणि एन्डी चावेझ होते.

चावेझचे नाव मेट्सच्या चाहत्यांना विसरता येणार नाही. २००६ च्या नॅशनल लीग अंतिम मालिकेतील सातव्या सामन्यात त्याने कुंपणावरून हात उंचावून घेतलेला झेल आजही दाखवला जातो. मेट्सने तो सामना गमावला, ही गोष्ट वेगळी. त्या दिवशी चावेझ लेफ्ट फिल्डमध्ये होता तो मुळी नियमित खेळाडू क्लिफ फ्लॉइड जायबंदी असल्यामुळे. राखीव खेळाडूचे मोल याहून स्पष्ट कसे सांगावे? तरीही दोन-सव्वादोन वर्षांत अशी माणसे क्लबला जादा वाटू लागली.

मुक्त खेळाडूंच्या खरेदीचीही एक छुपी किंमत असते. फ्रान्सिस्को रॉड्रिगेझला करारबद्ध केल्यामुळे २००९ च्या नवोदित निवडीतील मेट्सचा पहिल्या फेरीचा हक्क एंजल्सकडे गेला. याचा परिणाम तत्काळ दिसत नाही; तीन-चार वर्षांनी बदली खेळाडू शोधताना दिसतो. बफेलोचा संघ त्या वर्षी स्वतःच पराभवांच्या गर्तेत होता. तेथून मदत येणार तरी कोठून?

त्याच शहरात, दहा वर्षांनंतर

श्रीमंत संघालाही दुखापतींपुढे इलाज नसतो, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर त्याच शहरात मिळते. २०१९ मध्ये न्यूयॉर्क यांकीजचे ३० खेळाडू जायबंदी यादीवर गेले. हा विक्रम होता. आधीचा २८ खेळाडूंचा विक्रम २०१६ च्या लॉस एंजलिस डॉजर्सचा. जानकार्लो स्टँटन नियमित हंगामात १८ सामने खेळला, मिगेल अँदुहार १२. लुइस सेव्हेरिनोने तीन सामन्यांत सुरुवात केली. डेलिन बेटान्सेस तर केवळ दोन फलंदाजांपुरता मैदानात आला. तरीही यांकीजने १०३ सामने जिंकले. डॉजर्सनीही २०१६ मध्ये आपला विभाग जिंकला होता.

हे घडले कसे? अँदुहारची जागा जिओ उर्शेलाने घेतली. २०१८ मध्ये टोरोंटोकडून रोख रकमेवर घेतलेल्या या खेळाडूने .३१४ च्या सरासरीने २१ होमरन मारले. माइक टॉकमन आणि कॅमेरॉन मेबिन हेही असेच कमी किमतीत आणलेले. डी. जे. लमेहूला कोणतीही एक जागा निश्चित न करता करारबद्ध केले होते. फर्स्ट, सेकंड आणि थर्ड बेस अशा तिन्ही जागी तो खेळला आणि त्याची सरासरी.३२७ राहिली. रीडवर अनोळखी जागा ऐनवेळी लादली गेली होती. लमेहूला तीन जागांसाठीच आणले होते. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे.

अर्थात, राखीव फळी हे दुखापतींवरील औषध नव्हे. यांकीज त्या वर्षी अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेत ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजकडून सहा सामन्यांत हरले. जानेवारी २०२० मध्ये त्यांनी खेळाडूंच्या आरोग्याची धुरा एरिक क्रेसी या नव्या माणसाकडे सोपवली. बदली चांगला मिळाला म्हणून मूळ खेळाडू का मोडला, हा प्रश्न संपत नाही.

हिशेब

मेट्सने धडा घेतला, पण उशिरा. जानेवारी २०१० मध्ये बेल्ट्रानच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि तिला क्लबची संमती होती की नाही यावरून जाहीर वाद रंगला. २०१० चा हंगाम संपताच मिनाया आणि व्यवस्थापक जेरी मॅन्युएल यांना निरोप देण्यात आला. नंतरच्या काळात क्लबने उलट दिशेने व्यापार केला. बेल्ट्रान आणि आर. ए. डिकी यांना देऊन झॅक व्हीलर, नोआ सिंडरगार्ड असे तरुण पिचर मिळवले.

२०१५ मध्ये पुन्हा तीच परीक्षा आली. राइट पाठीच्या कण्याच्या विकाराने बाहेर होता. २३ जुलै रोजी डॉजर्सच्या क्लेटन कर्शॉसमोर मेट्सचे चौथ्या आणि पाचव्या क्रमांकाचे फलंदाज .२०० च्याही खालच्या सरासरीचे होते. दुसऱ्याच दिवशी क्लबने केली जॉन्सन आणि हुआन उरिबे या दोन अनुभवी खेळाडूंना अटलांटाकडून आणले आणि तरुण मायकेल कॉन्फोर्टोला बोलावून घेतले. आठवड्याभरात योएनिस सेस्पेडेसही आला. त्या वर्षी मेट्स वर्ल्ड सिरीजपर्यंत पोहोचले. नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेचा मानकरी ठरला तो २००९ मध्ये अनोळखी जागी उभा केलेला डॅनियल मर्फी.

तरीही २००९ ची सर्व देणी फिटली नाहीत. कारकिर्दीत ४७३ होमरन मारणारा डेल्गाडो पाचशेच्या उंबरठ्यावर होता. मे २००९ नंतर तो मेजर लीगमध्ये पुन्हा कधीच खेळला नाही आणि २०११ मध्ये निवृत्त झाला. संघाचा एक हंगाम बुडाला, तो पुढे भरून निघाला. खेळाडूच्या शरीराला मात्र राखीव फळी नसते. म्हणूनच चांगला बदली खेळाडू ही केवळ संघाची सोय नव्हे. जायबंदी सहकाऱ्याला बरे होण्यासाठी लागणारा वेळही तोच मिळवून देत असतो.