एकाच मालकाच्या स्वतंत्र जमिनींचे एकत्रीकरण

एकाच व्यक्तीच्या मालकीचे, परंतु अभिलेखात वेगवेगळ्या क्रमांकांनी नोंदलेले लगतचे भूखंड एका क्रमांकाखाली आणणे म्हणजे भूखंडांचे एकत्रीकरण होय. त्यामुळे नकाशातील मधली हद्द नाहीशी होते, क्षेत्रांची बेरीज होते आणि पुढील व्यवहार एकाच उताऱ्यावर होतात.

महाराष्ट्रात या शब्दाने थोडा गोंधळ होतो. जमिनीचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९४७ च्या कायद्याखालील एकत्रीकरण योजना वेगवेगळ्या मालकांच्या विखुरलेल्या तुकड्यांची अदलाबदल करण्यासाठी होत्या. उत्तर प्रदेश व पंजाबमधील चकबंदी त्याच प्रकारची. येथे प्रश्न आहे तो मालकाने स्वेच्छेने स्वतःच्याच जमिनी जोडण्याचा.

गाव नमुना ८-अ वर खातेदाराच्या गावातील सर्व जमिनी एका खाते क्रमांकाखाली दिसतात. अनेकांना तेच एकत्रीकरण वाटते. प्रत्यक्षात ती महसूल वसुलीच्या सोयीची मांडणी असून प्रत्येक गटाचा सातबारा व हद्द स्वतंत्रच राहते. दोन गट एकाच खरेदीखताने विकत घेतले तरी ते एक होत नाहीत. १९०८ च्या नोंदणी अधिनियमाखाली नोंदणी होते ती दस्ताची. भूखंड जोडण्यासाठी मोजणी, सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी आणि अभिलेखात दुरुस्ती आवश्यक असते. शहरात नियोजन प्राधिकरणाची मंजुरी लागते व त्यानंतर मिळकत पत्रिका बदलते.

खरी अडचण कागदपत्रांची नाही. नाव एक असले तरी हक्क एकसारखे असतीलच असे नाही. एक गट भोगवटादार वर्ग १ चा, म्हणजे मुक्तपणे हस्तांतरणीय, तर दुसरा वर्ग २ चा, म्हणजे हस्तांतरणावर निर्बंध असलेला असू शकतो. एका गटात भावाचा हिस्सा असू शकतो. सर्वात नाजूक बाब बोजाची. समजा, ४० गुंठे बँकेकडे गहाण आहेत आणि शेजारचे २० गुंठे मोकळे आहेत. दोन्ही मिळून ६० गुंठ्यांचा उतारा झाला म्हणून बँकेला त्या २० गुंठ्यांवर आपोआप हक्क मिळत नाही आणि तिचे मूळ तारणही कमी होत नाही. मात्र उताऱ्यावरील एकच बोजा वाचणाऱ्या खरेदीदाराला सारी जमीन गहाण वाटेल. म्हणून कर्ज आधी फेडणे, निदान बँकेची लेखी संमती घेणे इष्ट.

जर्मनीने हा पेच कायद्यातच सोडवला आहे. १९०० पासून अमलात असलेल्या तेथील नागरी संहितेचे कलम ८९० मालकाला दोन मार्ग देते. दोन भूखंड बरोबरीने जोडल्यास जुने बोजे आपापल्या जुन्या भागांवरच राहतात. एक भूखंड दुसऱ्याचा घटक म्हणून जोडल्यास मुख्य भूखंडावरील गहाण नव्या भागावरही पसरते. पण त्या भागावर आधीपासून असलेल्या हक्कांना अग्रक्रम मिळतो. नोंदवहीत गोंधळ होण्याची भीती असेल, तर तेथे एकत्रीकरण होऊ नये असा नियम आहे.

आपल्याकडे शेतजमीन एकदा जोडल्यावर पुन्हा विभागताना तुकडेबंदीच्या तरतुदी आड येऊ शकतात. शिवाय महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच खरी मानली जाते. त्यामुळे जुने सातबारे, फेरफार व मूळ खरेदीखते मालकाने जपून ठेवावीत; विक्रीच्या वेळी मालकी हक्काचा शोध जुन्या क्रमांकांवरूनच घ्यावा लागतो.