लाल बावटा कलापथक आणि त्याचे तीन शाहीर

धाराशिव जिल्ह्यातील तेरखेडा हे गाव शोभेच्या दारूकामासाठी प्रसिद्ध आहे. तेथून येरमाळ्यावरून नैर्ऋत्येस वाट धरली, की बार्शी लागते. 1948 पर्यंत एवढ्याशा प्रवासात राज्य बदलत असे. तेरखेडा निजामाच्या मुलखात, तर बार्शी 1947 पर्यंत इंग्रजी अमलात असलेल्या सोलापूर जिल्ह्यात. गाण्याला मात्र ही सरहद्द ठाऊक नव्हती. येरमाळ्याची येडाई आणि तुळजापूरची भवानी यांच्या नावाने गोंधळ्यांचे संबळ दोन्हीकडे सारखेच घुमत. याच मुलखाने मराठी शाहिरीला अमर शेख हा आवाज दिला. तो आवाज ज्या पथकातून महाराष्ट्रभर पोहोचला, ते म्हणजे 1944 साली मुंबईत उभे राहिलेले ‘लाल बावटा कलापथक’ होय.

या पथकाचे प्रमुख तिघे : अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर. तिघांच्या वाटा निरनिराळ्या होत्या, परंतु त्या गिरणगावात येऊन मिळाल्या.

अण्णा भाऊंचा जन्म 1920 सालचा, वाळवे तालुक्यातील वाटेगावचा. शाळेशी त्यांचा संबंध जेमतेम दीड दिवसाचा. लहानपणीच ते वडिलांबरोबर पायी मुंबईस आले आणि मिळेल ते काम करू लागले. पुढे गावी परतल्यावर नात्यातील बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात त्यांनी ढोलकीपासून वगापर्यंतचे सारे अंग आत्मसात केले. शाळेने जे दिले नाही, ते फडाने दिले.

अमर शेख यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. त्यांचा जन्म 1916 साली बार्शीस झाला. आई मुनेरबी हिच्या तोंडच्या गाण्यांनी त्यांचा कान घडविला. दारिद्र्यामुळे मोटारीवर क्लीनर म्हणून आणि नंतर गिरणीत मजूर म्हणून त्यांना राबावे लागले. मजुरांच्या चळवळीत पडल्यामुळे तुरुंगवासही घडला. त्यांचा आवाज पहाडी. हजारोंच्या सभेत अखेरच्या माणसापर्यंत सहज जाऊन भिडणारा.

गवाणकर हेही स्वतः गीते रचणारे शाहीर. तिघांत त्यांचे नाव आज सर्वांत कमी घेतले जाते. परंतु त्यांना वगळून या पथकाचा इतिहास सांगता यावयाचा नाही.

कलापथकाने नवीन काय केले, हे समजण्यासाठी जुन्या तमाशाची घडण ध्यानी घ्यावयास हवी. प्रथम गण, मग गवळण, त्यानंतर बतावणी आणि शेवटी वग, असा तिचा क्रम. अण्णा भाऊंनी हा साचा मोडला नाही. त्याचा आशय पालटला. गणातील देवतेच्या जागी मायभूमीला आणि कष्टकऱ्यांना वंदन आले, गवळण गळाली, आणि वगातील राजाच्या जागी सावकार, शेठजी व पुढारी उभे राहिले. ढोलकी, डफ, तुणतुणे तीच. झील धरण्याची रीतही तीच. त्यामुळे श्रोत्याला गाणे परके वाटले नाही आणि विचारही अंगावर आला नाही. ‘तमाशा’ या शब्दाऐवजी ‘लोकनाट्य’ हा शब्द रूढ होण्यात अण्णा भाऊंचा वाटा मोठा आहे.

विषयांचा आवाकाही थोडाथोडका नव्हता. दूरच्या स्टालिनग्राडच्या लढाईवर अण्णा भाऊंनी पोवाडा रचला. बंगालच्या दुष्काळावर आणि फाळणीच्या वेळच्या पंजाब-दिल्लीतील दंग्यांवरही रचला. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘शेटजींचे इलेक्शन’ ही नावेच त्यांच्या वगांचा रोख सांगून जातात. वर्तमानपत्र वाचू न शकणाऱ्या गिरणी कामगाराला जगाची बातमी चाळीच्या चौकात, ढोलकीच्या तालावर मिळू लागली.

अशी कला सत्तेला मानवणे कठीणच. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने या पथकावर बंदी घातली. पथक थांबविता आले, पण गाणे थांबले नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तिन्ही शाहीर पुन्हा लोकांपुढे उभे राहिले. अण्णा भाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड याच लढ्यातील. पोटासाठी मुंबईस आलेल्या कामगाराचा गावी राहिलेल्या पत्नीसाठीचा विरह, आणि बेळगाव-कारवार दुरावल्याचे महाराष्ट्राचे दुःख, यांची तीत अशी गुंफण आहे, की एकापासून दुसरे निराळे काढता येत नाही. 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. त्या यशात सभांच्या व्यासपीठांइतकाच डफाचाही भाग आहे.

18 जुलै 1969 रोजी अण्णा भाऊ निवर्तले. त्यानंतर अवघ्या बेचाळीस दिवसांनी, 29 ऑगस्ट रोजी, मोटार अपघातात अमर शेख यांचा अंत झाला.

यापुढे स्मृतीने मात्र तिघांशी सारखा व्यवहार केला नाही. अण्णा भाऊंची ‘फकिरा’ ही कादंबरी आजही वाचली जाते. 2002 साली त्यांचे टपाल तिकीट निघाले, 2022 साली मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला. हा गौरव सर्वस्वी यथार्थ आहे. अमर शेख यांचे ‘कलश’ व ‘धरतीमाता’ हे काव्यसंग्रह ग्रंथालयांत आहेत. परंतु त्यांची खरी कमाई ग्रंथात मावणारी नव्हती. गवाणकरांचे नाव जाणकारांपुरते उरले, आणि मागे उभे राहून झील धरणाऱ्यांची नावे तर त्याहूनही विरळ झाली. लेखणीचे काम कागद सांभाळतो. गळ्याचे काम ऐकणाऱ्यांच्या आठवणीबरोबर मावळत जाते.

म्हणून कलापथकाचा इतिहास केवळ त्याच्या कवीचा इतिहास मानणे न्यायाचे होणार नाही. पोवाडा एकट्याचा नसतो. शाहीर ओळ उचलतो, झीलकरी ती पेलतात, ढोलकी तिला बळ देते आणि श्रोते ती घरी नेतात. येरमाळ्याच्या वाटेवर गोंधळ्याच्या मागे साथीदार सूर धरतो, तेव्हा हाच धडा तो नकळत गिरवीत असतो.