जुनं नाणं ऑनलाइन विकलं अन् खोटा रिव्ह्यू आला? भांडू नका, पुरावा मांडा

समजा, आजोबांच्या ट्रंकेत १९४७ सालचं एक रुपयाचं नाणं सापडलं. मोबाइलवर दोन फोटो काढले, ॲपवर टाकलं आणि विकलंही गेलं. पार्सल पोहोचलं. चार दिवसांनी खरेदीदाराने एक स्टार देऊन लिहिलं : "नकली माल. चुंबकाला चिकटतो. विक्रेता फसवा आहे."

नाणं मात्र अस्सल आहे. १९४७ चा रुपया निकेल धातूचा आहे आणि निकेल चुंबकाला चिकटतंच. म्हणजे चिकटतंय म्हणून नकली, हे म्हणणंच चूक. पण रिव्ह्यू वाचणाऱ्या पुढच्या गिऱ्हाइकाला हे कोण सांगणार?

नुकसान छोटं नसतं. नव्या विक्रेत्याकडे पाचच रिव्ह्यू असतील, त्यातले चार पाच स्टारचे आणि एक एका स्टारचा, तर सरासरी थेट ४.२ वर येते. हाच एक रिव्ह्यू शंभर रिव्ह्यू असलेल्या दुकानदाराला मिळाला तर त्याची सरासरी ४.९६ राहते. म्हणजे मार बसतो तो गावाकडून अधूनमधून एखादी वस्तू विकणाऱ्यालाच. अशा वेळी काय करायचं, कोणत्या क्रमाने करायचं, त्याची ही माहिती.

आधी चूक कोणाची ते बघा

राग येणं साहजिक आहे. पण लगेच उत्तर टाइप करू नका. एक रात्र जाऊ द्या. मग आपली जाहिरात आणि त्याचा रिव्ह्यू शेजारी शेजारी ठेवून वाचा. वाईट रिव्ह्यू साधारण पाच प्रकारचे असतात :

१. आपलीच चूक. नाण्यावर ओरखडा होता आणि फोटोत दिसत नव्हता, किंवा नाणं चिंच-पितांबरीने घासून चकचकीत केलं होतं आणि तसं लिहिलं नव्हतं. संग्राहक घासलेलं नाणं कमी भावात घेतात. इथे माफी मागून पैसे परत करणं हाच मार्ग.

२. गैरसमज. वरचं चुंबकाचं उदाहरण यातलंच.

३. पोस्टाचा किंवा कुरिअरचा उशीर. यात दोष विक्रेत्याचा नसतो, पण स्टार त्याचेच जातात.

४. दमदाटी. "निम्मे पैसे परत दे, नाहीतर एक स्टार देतो."

५. शिवीगाळ, जातीवरून टोमणे, किंवा फोन नंबर-पत्ता उघड करणं.

पहिल्या प्रकारात वाद घालू नका. बाकी चारमध्ये दाद मागता येते, पण प्रत्येकाची वाट वेगळी आहे.

चुंबकाचा घोळ नेमका काय?

ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा. चांदी चुंबकाला चिकटत नाही, म्हणून चांदीचे रुपये तपासताना लोक चुंबक लावतात. तो चिकटला तर नकली, हे तिथे बरोबर आहे. पुढे १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली. १९४७ चा रुपया तर चांदीचा नाहीच, तो निकेलचा. वजन ११.६६ ग्रॅमच, रुंदी सुमारे २८ मिलिमीटर, एका बाजूला राजा सहावा जॉर्ज आणि दुसऱ्या बाजूला वाघ. चांदीच्या रुपयाची कसोटी निकेलच्या रुपयाला लावली की असा घोळ होतो.

अशा तक्रारीला "तुम्हाला काही कळत नाही" हे उत्तर नाही. धातू, वजन आणि फोटो हेच उत्तर.

पहिलं पाऊल : खरेदीदाराला निरोप

निरोप ॲपमधल्या चॅटवरच द्या. फोनवर झालेलं बोलणं पुढे पुरावा म्हणून दाखवता येत नाही. निरोप असा असावा :

"नमस्कार. आपण घेतलेलं १९४७ चं नाणं निकेलचं आहे, म्हणून ते चुंबकाला चिकटतं. जाहिरातीत चांदी असा शब्द कुठेही नाही. जवळच्या सोनाराकडे वजन करून पाहावं, ११.६६ ग्रॅमच्या आसपास भरेल, झिजेमुळे थोडं कमी येऊ शकतं. तरीही समाधान नसेल तर नाणं त्याच स्थितीत परत पाठवा, पैसे परत मिळतील. शंका फिटली असेल तर रिव्ह्यूचा पुन्हा विचार करावा, ही विनंती."

एक पथ्य पाळा. "रिव्ह्यू काढला तरच पैसे परत देतो" असं लिहू नका. बहुतेक ठिकाणी हे नियमाविरुद्ध आहे आणि उलट आपलंच खातं अडचणीत येतं. पैसे परत करणं वेगळं, रिव्ह्यू बदलण्याची विनंती वेगळी.

बरेच खरेदीदार समजावून सांगितलं की रिव्ह्यू बदलतात. त्यांनाही फसवलं गेल्याची भीती वाटलेली असते.

दुसरं पाऊल : सगळ्यांना दिसेल असं उत्तर

रिव्ह्यूखाली उत्तर द्यायची सोय असेल तर ती वापरा. हे उत्तर त्या खरेदीदारासाठी नसतं, पुढे येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी असतं. म्हणून ते तीन-चार ओळींचं आणि शांत हवं :

"हे नाणं १९४७ चं, निकेलचं आहे. निकेल चुंबकाला चिकटतं. वजन आणि दोन्ही बाजूंचे फोटो जाहिरातीत आहेत. नाणं परत घेण्याची तयारी खरेदीदाराला कळवली आहे."

एवढंच. खरेदीदाराचं नाव, गाव, नंबर त्यात टाकू नका. तो चुकीचा असला तरी त्याची माहिती उघड केली की चूक आपल्याकडे येते.

तिसरं पाऊल : ॲपकडे तक्रार

इथे अनेकांची गफलत होते. "रिव्ह्यू खोटा आहे, काढून टाका" एवढंच लिहिलं तर कंपनी काढत नाही. कोण खरं, कोण खोटं हे ठरवत बसायला ती तयार नसते. भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक आणलं. रिव्ह्यू कसे गोळा करायचे, तपासायचे आणि प्रसिद्ध करायचे हे त्यात आहे, मात्र ते ऐच्छिक म्हणून सुरू झालं. रिव्ह्यू नुसता वाईट आहे, हे तो काढण्याचं कारण होऊ शकत नाही.

म्हणून तक्रारीत "नियम कोणता मोडला" ते लिहा. सहसा चालणारी कारणं अशी :

- रिव्ह्यूत शिवी, धमकी किंवा खासगी माहिती आहे.
- रिव्ह्यू दुसऱ्याच वस्तूबद्दल किंवा फक्त डिलिव्हरीबद्दल आहे.
- रिव्ह्यूच्या बदल्यात पैसे किंवा जादा वस्तू मागितली आहे.
- खरेदीदाराने पैसेच दिले नाहीत, तरी रिव्ह्यू दिला.
- रिव्ह्यू देणाऱ्याने वस्तू घेतलेलीच नाही.

तक्रारीत ऑर्डर नंबर, तारीख, रिव्ह्यूचा स्क्रीनशॉट, मोडलेला नियम आणि पुरावे क्रमाने द्या. एका पानापेक्षा जास्त लिहू नका. तक्रार नंबर मिळेल तो वहीत लिहून ठेवा. किती दिवसांत तक्रार करायची ही मुदत प्रत्येक ॲपची वेगळी असते, तेव्हा आठवडाभरात उरकलेलं बरं.

विक्रेत्यानेही खरेदीदाराला वाईट शेरा द्यावा, असं काहींना वाटतं. ईबे या जुन्या लिलाव साइटवर पूर्वी तशी सोय होती. पण विक्रेते सूड म्हणून शेरे देऊ लागले, खरेदीदार खरं लिहायला घाबरू लागले, म्हणून २००८ मध्ये ती सोय बंद झाली. तेव्हापासून विक्रेत्याच्या हातात उत्तर आणि तक्रार हीच दोन हत्यारं आहेत.

पैसे मागितले तर

"हजार रुपये परत टाक, नाहीतर बदनामी करतो" असा निरोप आला तर पैसे देऊ नका. एकदा दिले की पुन्हा मागणी येते. चॅटचा स्क्रीनशॉट तारीख-वेळेसह काढा, ॲपला कळवा, त्या माणसाशी बोलणं थांबवा. एखादा फोन असाही येतो की, "आम्ही वाईट रिव्ह्यू काढून देतो, फक्त फी भरा." ही सरळ फसवणूक समजा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

यूपीआयवर पैसे मिळवायला पिन टाकावा लागत नाही, हेही घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

ॲपने ऐकलंच नाही तर

माहिती तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या नियमांनुसार अशा कंपन्यांना तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याचं नाव आणि संपर्क ॲपमध्ये किंवा वेबसाइटवर द्यावाच लागतो, तो बहुतेक वेळा अगदी तळाला असतो. तक्रार मिळाल्यावर २४ तासांत पोच देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. त्याचा निर्णय मान्य नसेल तर केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ३० दिवसांच्या आत ऑनलाइन अपील करता येतं.

शेवटचा रस्ता कोर्टाचा. बदनामीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. पण प्रामाणिकपणे केलेली टीका म्हणजे बदनामी नव्हे. तीनशे-पाचशेच्या नाण्यासाठी तारखा मारणं परवडत नाही. तरी प्रकरण फारच वाढलं तर तालुका विधी सेवा समितीत विचारा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि ठरावीक उत्पन्नाखालच्यांना तिथे वकिलाची मदत मोफत मिळते. हेल्पलाइन १५१००.

फेसबुक-व्हॉट्सॲप ग्रुपवर विकत असाल तर

नाणी-नोटांचे बरेच व्यवहार ग्रुपवरच होतात. तिथे ॲडमिन हाच न्यायाधीश. ग्रुपमध्ये सगळ्यांसमोर भांडण लावू नका. ॲडमिनला वेगळा मेसेज करून जाहिरात, चॅट, पावती आणि व्हिडिओ द्या आणि दोघांचं म्हणणं ऐकायची विनंती करा. नातेवाइकांच्या नंबरवरून स्वतःची वाहवा करून घेऊ नका. विक्रेत्याने ग्राहक बनून स्वतःच्या मालाचे रिव्ह्यू टाकायला २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत मनाई आहे, आणि ग्रुपमध्ये एकदा पकडलं गेलं की खरं बोललेलंही कोणी मानत नाही.

खरी लढाई पार्सल निघण्याआधीच

वरचं सगळं पुराव्यावर चालतं आणि पुरावा नंतर तयार करता येत नाही. म्हणून प्रत्येक विक्रीला एवढं करा :

- दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो उजेडात काढा. डाग, ओरखडा लपवू नका.
- सोनाराच्या काट्यावर वजन करा, काट्यावरचा आकडा दिसेल असा फोटो जाहिरातीत टाका.
- धातू माहीत असेल तरच लिहा. चुंबकाला चिकटत असेल तर तेही लिहा. ही एक ओळ पुढचा सगळा वाद वाचवते.
- "दुर्मिळ", "लाखमोलाचं" असले शब्द टाळा.
- नाणं पाकिटात घालण्यापासून चिकटपट्टी लावेपर्यंत न थांबता व्हिडिओ काढा. परत आलेलं पार्सल उघडतानाही तसाच काढा, कारण नाणं बदलून परत पाठवणारेही असतात.
- स्पीड पोस्टाची पावती जपा. आत काय आहे ते काउंटरवर खरं सांगा आणि विम्याचं विचारा.

विकण्याआधी कायदा बघा

शेतात नांगरताना सापडलेलं नाणं घरच्या नाण्यासारखं विकता येत नाही. १८७८ च्या निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं. ते परदेशी पाठवता येत नाही आणि अशा वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो. व्यवहारच बेकायदा असेल तर रिव्ह्यूविरुद्ध दाद तरी कुठे मागणार?

आणि ट्रॅक्टरच्या पाच रुपयांच्या नोटेला लाखो रुपये मिळतात, या मेसेजवर जाऊ नका. जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी आपला संबंध नाही आणि त्यासाठी आपण कसलंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही, हे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलं आहे.

तक्रारीचा निकाल काहीही लागो, रिव्ह्यूखालचं शांत उत्तर आणि जाहिरातीतला वजनकाट्याचा फोटो तिथेच राहतो. पुढचं गिऱ्हाईक दोन्ही वाचतं आणि आपलं आपण ठरवतं.