गृहीतक-प्रकाशन, जबाबदार

पडताळणी न झालेले वैज्ञानिक अनुमान त्याचा आधार, मर्यादा आणि ते खोडून काढण्याची कसोटी यांसह शोधपत्रिकेत मांडणे. याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण कोयना–वारणा खोऱ्यात आढळते.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर (जि. सातारा) ६·३ महत्तेच्या भूकंपाने हादरले. झोपलेल्या माणसांवर घरे कोसळली. सुमारे दोनशे जण दगावले. कोयना धरणाच्या शिवाजीसागर जलाशयातील पाण्याशी या भूकंपाचा संबंध असावा, असा तर्क पुढे आला. भूभौतिकीविज्ञ हर्ष गुप्ता व सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये जगभरातील जलाशयांलगतच्या भूकंपांची समान लक्षणे मांडली. १९८३ मध्ये, जलपातळी वाढण्याचा वेग आवरल्यास धोका घटेल, असा विचार गुप्तांनी मांडला आणि शीर्षकातच त्याला ‘सूचना’ म्हटले. आठवड्याला सुमारे १२ मी.पेक्षा जलद भरण ही ५ वा अधिक महत्तेच्या भूकंपासाठी आवश्यक, पण पुरेशी नसलेली अट ठरवली. त्यामुळे कसोटी स्पष्ट झाली : वेग ओलांडूनही मोठा धक्का न बसल्यास विधान टिकते, संथ भरणात तो बसल्यास ते कोसळते.

सांगली जिल्ह्यातील चांदोलीचा वारणा जलाशय १९८५ पासून भरू लागला. १९९३ पासून तेथेही धक्के वाढले व पडताळणीस नवे क्षेत्र लाभले. पुढे या भूकंपांच्या अभ्यासासाठी पाटण तालुक्यात गोठणे येथे सुमारे ३ किमी. खोल वेधन झाले.

धरणाखाली माणसे राहतात. अनुमान दडपणे आणि ते सिद्ध सत्य म्हणून छापणे, दोन्ही त्यांच्यावर अन्यायच होय.