तिसऱ्या खिडकीची स्मृती

महाराष्ट्राबाहेरील एका राज्यात सेवेत असताना आमच्या विभागाने ऑनलाइन अर्ज स्वीकारण्यास आरंभ केला. अंतिम दिवशी सायंकाळी चार सर्व्हरपैकी एक बंद पडला. उरलेले तीन सुस्थितीत होते. तरीही कित्येक अर्जदारांसमोर अर्धा भरलेला अर्ज जाऊन कोरा नमुना उभा राहिला. असे का व्हावे, हे समजून घेताना मला थोडे मागे जावे लागले.

1994 साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातील एन.सी.एस.ए. या केंद्राला आपल्या संकेतस्थळासाठी एक यंत्र पुरेनासे झाले. त्यांनी अनेक सारखे सर्व्हर मांडले आणि एकाच नावामागे आळीपाळीने निरनिराळे पत्ते देण्याची सोय केली. कागदपत्रे मात्र सामायिक फाइल-व्यवस्थेत होती. कोणत्याही खिडकीवर जा, कागद तोच मिळे.

पुढे नुसते वाचन संपून व्यवहार सुरू झाले. एच.टी.टी.पी.ला मागची विनंती आठवत नाही. म्हणून त्याच वर्षी नेटस्केपमधील लू मॉन्टुली यांनी कुकी योजिली. खरेदीची अर्धवट टोपली ग्राहकाच्या ब्राउझरकडेच राहावी, हा हेतू. प्रत्यक्षात पुष्कळांनी टोपली सर्व्हरच्या स्मृतीत ठेवली. मग प्रश्न आला तो लोड बॅलन्सरपुढे. नवी जोडणी कमी भार असलेल्या सर्व्हरकडे धाडणे सोपे. पण जुन्या माणसाला त्याच्याच खिडकीकडे परत न्यायचे कसे? (आपल्या कचेऱ्यांत ‘तुमचे काम पाहणारे साहेब रजेवर आहेत’ असे सांगतात, तोच हा प्रकार.)

आरंभी आय.पी. पत्त्यावरून ओळख पटवीत. परंतु ए.ओ.एल.च्या ग्राहकांच्या विनंत्या अनेक प्रॉक्सींमधून येत, त्यामुळे एकच माणूस क्षणाक्षणाला निराळा भासे. उलट, एकाच पत्त्यामागची अख्खी कचेरी एकाच सर्व्हरवर कोसळे. अखेर बॅलन्सरच ब्राउझरला सर्व्हरची खूण असलेली कुकी देऊ लागला. जी कुकी टोपली वाहण्यासाठी जन्मली, ती आता टोपली कोठे ठेवली आहे एवढेच सांगू लागली. तो सर्व्हर बंद पडला की बॅलन्सर दुसरा देतो, टोपली देऊ शकत नाही. आमचे नेमके हेच झाले होते.

पुढील वर्षी आम्ही अर्धवट अर्ज सामायिक डेटाबेसमध्ये ठेवले. पाने किंचित संथ उघडू लागली, त्याच्याही तक्रारी आल्या. आधीच्या अर्जदारांना मुदतवाढ मात्र मिळाली नव्हती. त्या नस्तीवर ‘तांत्रिक अडचण’ एवढाच शेरा आहे, आणि तो माझ्या हातचा आहे.